कारखाना नदीवर गेला

तुम्हा दोघी नातींचे फोटो मिळाले. थोरलीच्या कंपनीने सगळ्यांना घरच्यांसकट नदीवर नेले होते. डोक्यावर हेल्मेट, अंगात फुगीर जाकिटे, हातात वल्ही आणि सगळ्यांची तोंडे हसून उघडी. खाली, धाकटे, तू लिहिले आहेस, ‘आजी, हे काय असतं ते तुला फोनवर समजावून सांगते.’ बाळ, ते काय असते हे मला ठाऊक आहे. तुझ्या जन्माच्या आधी मी ते काठावर उभी राहून पाहिले आहे, आणि तेही जळगावच्या माणसांना करताना. त्या होडीत तुमचे आजोबा होते. ते असेपर्यंत त्यांनी हा विषय घरात काढू दिला नाही. आता लिहायला हरकत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे होती. आम्ही नशिराबादच्या रस्त्याला लागून असलेल्या एका कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. विहिरीवर बसवायच्या मोटारपंपांचा तो कारखाना. आजोबा तिथे वर्क्स मॅनेजर होते आणि मी गावातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. कारखाना काढणारे थोरले शेठजी वारले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. तिशीतला, परदेशात शिकून आलेला, दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याच्या वडिलांच्या वयाची माणसेही भाऊच म्हणत.

भाऊंनी आल्याआल्या केबिनचे लाकडी दार काढून काचेचे बसवले आणि सगळ्यांना सांगितले, मोकळेपणाने बोला. पण तिथली रीत काचेच्या दाराने बदलण्यातली नव्हती. ती मला खंडेनवमीला दिसायची. त्या दिवशी यंत्रांची पूजा होई. झेंडूच्या माळा घातलेल्या लेथ मशिनसमोर सगळे ओळीने उभे राहत. गुरुजी म्हणत, “आता नमस्कार करा.” कोणी वाकत नसे. भाऊ वाकले की मग सगळी ओळ वाकायची. गुरुजींना त्याचे काही वाटेनासे झाले होते. तेही भाऊंकडे बघूनच पुढचा मंत्र सुरू करत. आजोबाही त्याच ओळीत असत. मी घरी चिडवले तर म्हणत, “अगं, सवय आहे. पाठीच्या कण्यालाच लागलेली.”

त्या वर्षी आजोबांना मार्चअखेर निवृत्त व्हायचे होते. मुदतवाढ मिळाली तर क्वार्टर राहणार होते, आणि तुमच्या बाबांचे पुण्यातले शिक्षण त्या पगारावर पुरे होणार होते. नाही मिळाली तर धुळ्याला भावकीतल्या वाटणीत आलेल्या दोन खोल्या. पण खरे कारण ते नव्हते. पहिल्या शेडचा पाया खणला तेव्हापासून ते त्या कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी भोंगा वाजला नाही म्हणून त्यांना करमत नसे. मुदतवाढीबद्दल त्यांनी भाऊंकडे शब्द टाकला होता, आणि भाऊंनी ‘बघू’ म्हटले होते.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ते घरी आले आणि चहा बशीत ओतत म्हणाले, “अर्धी चड्डी शिवून घ्यावी लागेल.”

“कोणाला?”

“मला. नदीत होडी घालणार आहेत. रबराची. वाहत्या पाण्यात, खडकांतून.”

“कशासाठी?”

“संघभावना वाढावी म्हणून. इतकी वर्षं एकत्र पंप केले, ती कमी पडली असणार.”

मी हसले, पण ते हसले नाहीत. बशी खाली ठेवून म्हणाले, “भाऊ म्हणाले, कोण किती दमाचं आहे ते नदीत कळेल. मार्चचं आपण त्यानंतर बोलू.”

आजोबांना पोहता येत नव्हते. धुळे तालुक्यातल्या त्यांच्या गावची नदी वर्षातला बहुतेक काळ वाळूची. पोहायला शिकणार कुठे? हे कारखान्यात कोणाला माहीत नव्हते आणि सांगायची त्यांची तयारी नव्हती.

दिवस पितृपक्षातले निवडले होते. पितृपक्षात कोणी विहिरीवर नवी मोटार घेत नाही, दुकाने थंड असतात, म्हणून कारखान्याला सवड. आमंत्रण सहकुटुंब होते, पण त्या दिवसांत प्रवासाला निघायला इतर बायका तयार झाल्या नाहीत. मी गेले, आणि फोरमनची बायको आली. फोरमनला सगळे आबा म्हणत आणि तिला अक्का. अक्का अमळनेरच्या बाजूची, बोलणे सगळे अहिराणी. बसमध्ये माझ्या शेजारी बसून तिने पदर खोचला आणि म्हणाली, “बाई, पितरपाटामा कोनी नदीवर जास का? पन आमना बुढाले एकटा धाडा ते पिईसनी येई.” म्हणजे पिऊन येईल. मागून आबा ओरडले, “ऐकू येतं मला!” “आयकू येवाले पाहिजेच,” अक्का म्हणाली.

चोपड्यावरून शिरपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, अनेर नदीच्या वरच्या अंगाला एका रेस्ट हाउसवर आम्ही उतरलो. गाइड आधीच येऊन थांबला होता. गढवालकडचा, फौजेतून निवृत्त झालेला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. होडी त्याने हिमालयातून रेल्वेने आणली होती. फुगवल्यावर ती अंगणात एखाद्या करड्या जनावरासारखी पसरली. अक्काने तिच्याभोवती एक फेरी मारली, पायाने दाबून पाहिले आणि मला विचारले, “मान्सं शेतस का म्हशी, पानीमा सोडाले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडने होडी गवतावर ठेवून सराव घेतला. दोन्ही कडांवर चार-चार माणसे, मागे तो स्वतः. त्याला पुढे दणकट हातांची माणसे हवी होती, म्हणून त्याने आबांना पुढे बोलावले. आबा उठले, भाऊंकडे पाहिले आणि परत बसले. शेवटी पुढे भाऊ बसले, त्यांच्या समोरच्या कडेला आजोबा, मग खरेदीवाले, विक्रीवाले, अकाउंटंट, अशी हुद्द्याने रांग लागली आणि आबा गाइडच्या पायाशी, सगळ्यात मागे. कारखान्याच्या ग्रुप फोटोत सगळे असेच बसत. गाइडने क्षणभर पाहिले आणि सोडून दिले.

एक हुकूम तो पुन्हा पुन्हा घोटून घेत होता. होडी आडवी होऊन खडकावर आदळली तर तो ‘चट्टान!’ असे ओरडेल, आणि सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेप घ्यायची. माणसाला खडकापासून लांब जावेसे वाटते. पण लांब गेले की पाण्याकडची बाजू दबते, पाणी आत शिरते आणि होडी उलटते. हे त्याने हाताने, वल्ह्याने, शेवटी चहाच्या बशीने दाखवले. सगळ्यांना समजले. मग तो ओरडला, “चट्टान!”

कोणी हलले नाही. सगळ्यांनी भाऊंकडे पाहिले. भाऊ हसत होते. हसता हसता ते पलीकडे सरकले, आणि मग सगळे धडाधड त्यांच्यामागे गेले.

“फिर से,” गाइड म्हणाला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मध्ये एक श्वास घेण्याइतका वेळ जात होता, जास्त नाही. गवतावर बसलेल्या माणसांना तो वेळ दिसतही नव्हता. गाइडला दिसला. तो आजोबांजवळ येऊन हळू म्हणाला, “साहब, पानी में इतना टाइम नहीं मिलता.” आजोबांनी मान डोलावली. व्हरांड्यातून मी सगळे पाहत होते आणि मला खंडेनवमीची ओळ दिसत होती.

नदीवर पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होते. पाणी हिरवट, तळातले गोटे दिसतील असे. काठावर पावरा आदिवासी बायका धुणे धूत होत्या. गाइडने आम्हा दोघींना एका उंच, सपाट खडकावर बसवले; तिथून वरचे वळण आणि समोरचा उतार दोन्ही दिसत होते. तो स्वतः पाण्याच्या कडेला जाऊन बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग मीही बघू लागले. पाण्यावरून सागाची हिरवी, ताजी तुटलेली पाने वाहत येत होती. त्यामागून फेसाचे पिवळट गोळे. इकडे आभाळात ढग नव्हता, पण उत्तरेला, मध्य प्रदेशाकडच्या डोंगरांवर, शिशासारखा एक पट्टा होता आणि तो हलत नव्हता. धुणे धुणाऱ्या बायकांनी ओलेच कपडे टोपल्यांत भरले आणि काही न बोलता वर चढून गेल्या. त्या गेल्यावर काठ एकदम मोकळा वाटला.

गाइड उठून भाऊंकडे आला. “सर, ऊपर बारिश हुई है. पानी बढ़ रहा है. आज रहने देते हैं.”

“बढ़ेगा तभी तो मज़ा है,” भाऊ म्हणाले.

आजोबा म्हणाले, “भाऊ, आधी जेवून घेऊ. तोवर अंदाज येईल.”

भाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “काय साहेब, घाबरलात?”

भाऊ हसले, म्हणून सगळे हसले. आजोबाही हसले. मग त्यांनी जाकिटाचे पट्टे ओढून घट्ट केले आणि माझ्याकडे न बघता होडीत जाऊन बसले. गाइडने एकदा आभाळाकडे पाहिले. तो पैसे घेऊन आलेला माणूस होता, तोही बसला.

सुरुवातीचे पाणी संथ होते. वल्ही एका तालात पडत होती, आबा काहीतरी गात होते. अक्का म्हणाली, “दख बाई, कसा नवरदेवनागत बसेल शे.” मग ती गप्प झाली. तिने माझा हात धरला आणि बोटाने दाखवले. “पानीना रंग बदलना.”

वरच्या वळणातून पाणी लाल येत होते. लाट वगैरे काही नाही, आवाजही वाढलेला नाही. नुसता रंग, हिरव्यात पसरत खाली येणारा. काठावरचे जे गोटे मघाशी कोरडे होते ते दिसेनासे झाले. होडीतल्या कोणाची तिकडे नजर नव्हती. गाइड मात्र मागे वळून पाहत होता आणि जोरजोराने काहीतरी सांगत होता. बहुतेक डावीकडे काठाला घ्यायला. त्याच्या बाजूची दोन वल्ही हलली. पुढची हलली नाहीत, कारण भाऊ समोरचा उतार बघत होते.

होडी फिरली. आडवी झाली. उताराच्या मध्यावर एक मोठा काळा खडक होता, त्यावर ती कडेने जाऊन टेकली, आणि तिथेच थांबली. हे थांबणे मला आजही आठवते. इतके पाणी वाहत असताना ती होडी खिळ्याने ठोकल्यासारखी उभी होती, आणि पाण्याकडची तिची कड हळूहळू खाली जात होती.

गाइड ओरडला. शब्द आमच्यापर्यंत पोचला नाही, पण तोंड उघडलेले दिसले, आणि शब्द कोणता ते मला माहीत होते. पुढच्याच क्षणी तो मागच्या कडेवरून फेकला गेला आणि लाल पाण्यात गेला.

होडीतली सगळी माणसे भाऊंकडे बघत होती. मला त्यांची तोंडे दिसत नव्हती. माना दिसत होत्या. सगळ्या माना एकाच दिशेला. भाऊ पाण्याकडच्या कडेला दोरी धरून बसले होते आणि हलत नव्हते. पाणी त्यांच्या मांड्यांवर आले, मग कमरेवर. ते हलले नाहीत, म्हणून कोणीच हलले नाही.

मग आजोबा उठले. उभे राहिले, वाकले, भाऊंच्या जाकिटाचे दोन्ही पट्टे धरले आणि पोते उचलून टाकावे तसे त्यांना खडकाकडच्या बाजूला ओढून टाकले. भाऊ पडले आणि त्यांच्यामागून सगळेच्या सगळे त्या बाजूला कोसळले, गवतावर कोसळत होते तसे. होडीची दबलेली कड वर आली. ती खडकावरून घसरली, एक गिरकी घेतली आणि मागचा भाग पुढे करून खालच्या संथ पाण्यात गेली.

आम्ही दोघी काठाकाठाने धावलो. माझ्या चपला तुटल्या. खाली पोचलो तेव्हा होडी गाळात टेकली होती आणि माणसे एकेक करून काठावर येत होती. कोणी कोणाकडे बघत नव्हते. “बठ्ठा उनात का?” अक्का मोठ्याने विचारत होती, आणि सगळे आले का ते बोट करून एकेकाला मोजत होती. गाइड थोडा पुढे एका करंजाच्या मुळाला धरून होता. आबा आणि आजोबांनी त्याला ओढून वर घेतले. त्याच्या गुडघ्याचा आकार बदललेला होता.

आजोबा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचे दात वाजत होते. आबा मागून आले, अजून धापा टाकत, आणि म्हणाले, “साहेब, अशी शिवी तुम्हाला येत असंल हे मला माहीत नव्हतं.”

“मी शिवी दिली?”

“भाऊंच्या आईपर्यंत गेलात, साहेब.”

मला हसू आले. आजोबांचा चेहरा पाहिला आणि ते गेले.

संध्याकाळी रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात बैठक झाली. कार्यक्रमात ती आधीपासून ठरलेली होती: प्रत्येकाने आज काय शिकलो ते सांगायचे. कंदील लावले होते. पाऊस इकडे पडलाच नाही, पण नदीचा आवाज आता इथपर्यंत येत होता. भाऊ मान खाली घालून बसले होते. मला वाटले, आता ते स्वतःच सांगतील. पहिल्यांदा खरेदीवाले उठले. म्हणाले, “भाऊंनी धीर सोडला नाही, म्हणून आम्ही सगळे इथं आहोत.” विक्रीवाले म्हणाले, “भाऊंनी योग्य क्षणी झेप घेतली आणि आम्हाला वाट दाखवली.” अकाउंटंट म्हणाले, लीडर कसा असावा ते आज पाहिले. प्रत्येक जण बोलला की भाऊंची मान थोडी वर येत होती. सुरुवातीला त्यांच्या डोळ्यांत लाज होती, मी पाहिली. आबांची पाळी येईतो ती उरली नव्हती. आबांनी अक्काकडे पाहिले, मग जमिनीकडे, आणि म्हणाले, “भाऊ होते म्हणून.” अक्काने तोंड फिरवले.

गाइड कोपऱ्यात पाय लांब करून बसला होता. त्याला मराठी येत नव्हते. सगळे हसत, तेव्हा तोही हसत होता.

“साहेब, तुम्ही?” भाऊ म्हणाले. आवाज अगदी मऊ होता.

आजोबा उठले. सगळ्या माना त्यांच्याकडे नाही, भाऊंकडे वळल्या. आजोबा म्हणाले, “याचा पाय डॉक्टरला दाखवायला हवा. शिरपूरला मिळेल.”

“बघा,” भाऊ म्हणाले, “साहेबांचं लक्ष नेहमी कामावर.” आणि टाळ्या पडल्या.

गाइडला जीपमध्ये बसवताना त्याने आजोबांचा हात धरून ठेवला. “साहब, इनको दुबारा मत लाना,” एवढेच म्हणाला.

जळगावला परतल्यावर आठवडाभर काहीच झाले नाही. पण कारखान्यात ती गोष्ट फिरत राहिली आणि फिरताना वाढत गेली. शाळेत एका मुलीने मला विचारले, “बाई, भाऊंनी तुमच्या साहेबांना बुडताना वाचवलं ना?” मी तिला फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगितले. घरी येऊन आजोबांना सांगितले. ते पेपर वाचत राहिले.

दिवाळीनंतर भाऊंनी त्यांना केबिनमध्ये बोलावले. त्या संध्याकाळी ते पायातले बूट न काढताच स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसले.

“मुदतवाढ दिली,” ते म्हणाले. “दोन वर्षं.”

मी देवाजवळ साखर ठेवायला उठले.

“थांब. पुढच्या पावसाळ्यात डीलर मंडळींना नेणार आहेत. जळगावची, धुळ्याची, सगळी. दोन होड्या विकत घेतल्यात. आणि गाइड नको, असं भाऊ म्हणतात.”

“म्हणजे?”

“बाहेरचा माणूस, आपल्या लोकांना त्याचं ऐकायची सवय नाही, म्हणून मागच्या वेळी घोटाळा झाला, असं म्हणाले. आता मागे आबा बसतील, त्यांनी गाइडजवळ बसून सगळं पाहिलंय. आणि हुकूम भाऊ देतील. म्हणजे कोणी थांबणार नाही.”

मी साखरेची वाटी हातात धरून उभी होते. गाइडचे कोणी ऐकले नाही, म्हणून गाइडच काढून टाकला. आणि त्या होडीत बसलेल्या एकालाही हे उलटे वाटले नव्हते.

“तुमचं काय काम त्यात?”

“डीलरांच्या स्नेहमेळाव्यात मी बोलायचं. माझ्या शब्दाला वजन आहे म्हणतात. मी सांगितलं की मंडळी तयार होतील. ‘जे झालं ते सांगा,’ म्हणाले.” ते जरा थांबले. “मी म्हटलं, जे झालं तेच सांगेन. ते म्हणाले, मला तेवढंच हवंय.”

तव्यावरची भाकरी करपली. ती काढून मी दुसरी टाकली. आजोबा म्हणाले, “तू असतीस तर काय केलं असतंस?”

“धुळ्याच्या खोल्या झाडून घेतल्या असत्या,” मी म्हणाले.

मेळावा हिवाळ्यात, कारखान्याच्या कँटीनमध्ये झाला. भरिताची वांगी शेडमागे कपाशीच्या वाळल्या काट्यांवर भाजली होती, कळण्याच्या भाकऱ्यांचा ढीग होता, शेवभाजी होती. एका बाजूला बायका बसल्या होत्या. मी आणि अक्का शेजारी. दारातच दोन नव्या होड्या फुगवून ठेवल्या होत्या, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांना वळसा घालून यावे लागत होते. भाऊंनी दोन शब्द बोलून आजोबांना पुढे केले.

आजोबांना भाषण येत नसे. ते टेबलाला धरून उभे राहिले आणि हिशेब सांगावा तशा आवाजात बोलले. “आम्ही नदीवर गेलो होतो. पाणी चढत होतं. गाइड नको म्हणत होता, तरी आम्ही गेलो. होडी खडकाला लागली. गाइडनं खडकाकडे या म्हणून सांगितलं. आम्ही गेलो नाही. आम्ही भाऊंच्या तोंडाकडे बघत बसलो. भाऊ घाबरले होते. त्यात चूक नाही, मीही घाबरलो होतो, मला पोहता येत नाही. पण भाऊ हलले नाहीत म्हणून आम्ही कोणीच हललो नाही. आणखी थोडा वेळ तसे बसलो असतो तर आज तुमच्यासमोर कोणीच नसतं.”

कँटीनमध्ये भाकऱ्या थापण्याचा आवाज तेवढा येत होता. सगळे भाऊंकडे पाहू लागले: हसायचे की नाही? भाऊ हसले. लगेच सगळीकडे हशा पिकला. साहेबांनी गंमत केली. आजोबा तसेच उभे राहिले. हसू हळूहळू विरले, कारण आजोबा त्या हसण्यात सामील झालेच नाहीत.

शिरपूरचे एक म्हातारे डीलर होते, नाना म्हणत त्यांना. त्यांनी हात पुसत विचारले, “पन साहेब, तो गाइड येनार ना?”

“नाही,” आजोबा म्हणाले. “गाइड नाही.”

नानांनी भाऊंकडे पाहिले नाही. “मंग आमचं काय काम तिथं?” म्हणाले, आणि भरीत वाढून घेतले.

नाही असे भाऊंना कोणीच म्हणाले नाही. पुढच्या काही आठवड्यांत एकेकाचे निरोप आले. कोणाकडे लग्न निघाले, कोणाचे गुडघे दुखू लागले, कोणाच्या घरी पितृपक्ष कडक पाळतात असे अचानक ध्यानात आले. ती सहल झाली नाही. भाऊ आजोबांशी पूर्वीसारखेच गोड बोलत राहिले, उलट जरा जास्तच. मुदतवाढ रद्द झाली असे ते कधी म्हणाले नाहीत. कोणीच म्हणाले नाही. रोज संध्याकाळी चहाला येणारे आबा मात्र येईनासे झाले, आणि रस्त्यात दिसले तर सायकलवरून उतरत नसत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. दारात एक तरुण, चांगल्या घरची दिसणारी बाई उभी होती. तिला मी ओळखत नव्हते. ती संकोचून म्हणाली, “आमच्या ह्यांना इथं वर्क्स मॅनेजरची नोकरी लागलीय. भाऊ म्हणाले, क्वार्टर बघून घ्या. पडद्यांचं माप घ्यायचं होतं. तुम्हाला चालेल ना?”

आजोबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकले. बाहेर आले, तिला नमस्कार केला आणि पायात चपला सरकवून कारखान्याकडे नाही, उलट्या दिशेने फिरायला निघून गेले.

मी तिला पाणी दिले, मग चहा केला. तिच्या पर्समध्ये शिंप्याची टेप होती. खिडकी रुंद होती, तिचे दोन्ही हात पुरेनात. मी टेपचे दुसरे टोक धरून उभी राहिले.